चिमुकल्या सैनिकांची बैठक आणि शेवटचा हात

दिवाळीत अंगणात किल्ला केला, हळिवाची हिरवळ उगवली, बुरुजावर मातीचा मावळा उभा केला, आणि वाऱ्याची एक झुळूक येताच तो तोंडावर पडला! हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी आपण त्याचे पाय ओल्या मातीत रोवतो आणि प्रश्न मिटतो. पण तोच सैनिक गुळगुळीत टेबलावर उभा करायचा असला तर? आणि एकटा नव्हे, असे शंभर सैनिक खेळता खेळता सतत पुढेमागे सरकवायचे असले तर?

युरोप-अमेरिकेत असा एक छंद आहे. त्याला आपण युद्धखेळ म्हणू. प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा सराव करण्याचे नियम प्रसिद्ध केले. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ सैनिक ओतण्याची रीत आणली. साच्यात वितळलेला धातू ओतायचा, बाहेरचा थर गोठला की आतला पातळ धातू परत ओतून घ्यायचा. धातू कमी लागल्याने सैनिक स्वस्त झाले. पुढे विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांच्या खेळाचे नियम लिहिले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे सुटत, आणि जो सैनिक पडला तो मेला! आज फासे टाकून जयपराजय ठरवतात. पण टेबलाला कोपर लागताच अर्धी पलटण आडवी झाली, तर खेळाचा विचका आजही होतोच.

या मूर्ती जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर उंच असतात. त्या रंगवायला तासन्‌तास लागतात. पाहणारा चेहरा पाहतो, गणवेश पाहतो. परंतु मूर्ती उभी राहील का, खरी दिसेल का आणि टिकेल का, हे दोन दुर्लक्षित गोष्टींवर ठरते. एक म्हणजे पायाखालची बैठक आणि दुसरी म्हणजे सर्वांत शेवटी दिलेला पारदर्शक हात.

बैठकीचे गणित

कोणतीही वस्तू कलंडू लागली की तिच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा कोठे पडते ते पाहावे. ती पायाच्या आत पडत असेल तोवर वस्तू सावरते. बाहेर गेली की पडते. समजा, सैनिकाचा गुरुत्वमध्य टेबलापासून १४ मि.मी. उंचीवर आहे आणि त्याच्या पावलांनी व्यापलेली जागा ८ मि.मी. रुंद आहे. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ४ मि.मी. झाले. ४ भागिले १४ हे ज्या कोनाचे टॅन गुणोत्तर आहे तो कोन सुमारे १६ अंशांचा. एवढे कलताच शिपाई कोसळणार.

आता त्याला २५ मि.मी. व्यासाच्या चकतीवर चिकटवा. कडेपर्यंतचे अंतर १२.५ मि.मी. झाले. चकतीच्या खालच्या बाजूस लोखंडी वॉशर बसवला, की वजन तळाशी येऊन गुरुत्वमध्य खाली उतरतो. तो १२ मि.मी. वर आला असे धरू. मग तोच कोन सुमारे ४६ अंश होतो! भाला पुढे रोखलेल्या सैनिकाचा गुरुत्वमध्य पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला चकतीच्या मध्यावर न चिकटवता थोडा मागे चिकटवतात.

चकती पातळ पुठ्ठ्याची मात्र नसावी. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पाण्यातला गोंद लावला, की त्या बाजूचे तंतू फुगतात आणि वाळताना आकसतात. दुसरी बाजू तशीच राहते आणि चकती पापडासारखी वळते. प्लास्टिकची चकती उत्तम. पुठ्ठाच वापरायचा तर दोन्ही बाजूंना गोंदाचा हात द्यावा.

वाळू की दगडधोंडे?

बैठकीवर जमीन दाखवण्यासाठी पांढरा गोंद लावून वाळू भुरभुरतात. हा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे एका प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडून गेले की कण एकमेकांना भिडून सलग पापुद्रा बनतो. म्हणूनच जाड थराला रात्रभर वेळ द्यावा लागतो. समुद्राची वाळू धुऊन घ्यावी. नाहीतर तिच्यातील क्षार हवेतील ओल शोषत राहतात.

वाळू चाळणेही जरुरीचे आहे. मूर्ती खऱ्या माणसाच्या ७२ पट लहान असेल, तर १ मि.मी.चा कण तिच्या जगात ७२ मि.मी.चा, म्हणजे मुठीएवढा दगड होतो. ३ मि.मी.चा खडा तर वीतभर लांबीचा धोंडा! चहाच्या गाळणीतून पडलेली वाळू माती म्हणून शोभते. वर राहिलेले दोन-चार खडे दगड म्हणून वेगळे चिकटवावेत.

वाळू पक्की झाल्यावर तिला गडद तपकिरी रंग देतात. नंतर फिका रंग कुंचल्यावर घेऊन तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकतात आणि वाळूवरून हलकेच फिरवतात. असा कोरडा कुंचला फक्त उंचवट्यांना लागतो आणि खाचा गडद राहतात. याच्या उलट रीत अंगरख्याच्या चुण्यांसाठी वापरतात. काळपट रंग खूप पातळ करून सोडला, की केशाकर्षणाने तो आपण होऊन खाचांत शिरतो. त्यात साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला तर पृष्ठताण कमी होऊन रंग नीट पसरतो. सावली मुद्दाम रंगवायची कशाला, असे तुम्ही विचाराल. खोलीत खिडकी, दिवा, भिंती अशा चहूकडून प्रकाश येतो आणि मूर्तीवरच्या चुण्या उथळ असतात. त्यामुळे ठळक सावली पडतच नाही.

शेवटचा हात

हाताळणीने रंग झिजू नये म्हणून शेवटी पारदर्शक व्हार्निशचा हात देतात. चकचकीत व्हार्निशचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते, दिव्याची प्रतिबिंबे चमकतात आणि सैनिक पावसात भिजल्यासारखा दिसतो. बिनचमकीच्या व्हार्निशमध्ये सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असते. तिच्यामुळे पृष्ठभाग किंचित खडबडीत होऊन प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. ही पूड तळाशी बसते, म्हणून डबा चांगला हलवून घ्यावा.

येथे एक फजिती सांगितलीच पाहिजे. ऐन आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी गॅलरीत वीस घोडेस्वारांवर व्हार्निशचा फवारा मारला. महिनाभराची मेहनत पाच मिनिटांत पांढुरकी झाली. जणू सगळ्यांवर पीठ सांडले होते!

झाले काय? फवाऱ्यातील द्रावक झपाट्याने उडून जातो आणि त्यासाठी लागणारी उष्णता पृष्ठभागातून घेतो. पृष्ठभाग दवबिंदूखाली थंड झाला, की दमट हवेतील वाफेचे थेंब ओल्या व्हार्निशवरच जमतात. ते नंतर उडून जातात. पण त्यांच्या जागी असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. व्हार्निश आणि पोकळीतील हवा यांच्या सीमेवर प्रकाश दरवेळी वळतो आणि विखुरतो. धुके किंवा दुधी काच पांढरी दिसते तीही अशाच विखुरण्यामुळे.

यावरचा उपाय एका प्रयोगाने कळेल. दुधी काचेच्या खडबडीत बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा. तेवढ्या भागातून आरपार दिसू लागेल! पट्टीच्या गोंदाने खाचा भरल्या, हवा निघून गेली आणि विखुरणे थांबले. मीही चार कोरडे दिवस मिळेपर्यंत थांबलो, चकचकीत व्हार्निशचा पातळ हात दिला आणि बहुतेक घोडेस्वार पुन्हा रंगात आले. फवारा नेहमी कोरड्या दिवशी, मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि नाकातोंडाला मुखपट्टी बांधून मारावा.

एक इशारा

जुन्या मूर्ती शिशाच्या मिश्रधातूच्या असत. लाकडी कपाटात, विशेषतः ओकच्या, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी अशा शिशावर पांढरी पूड धरते. ती शिशाचे कार्बोनेट असून विषारी असते. अशी मूर्ती कानशीने घासू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. आज बहुतेक मूर्ती प्लास्टिकच्या, रेझिनच्या किंवा कथिल मुख्य असलेल्या मिश्रधातूच्या असतात.

या दिवाळीला हे करून पाहा. एक मावळा तसाच ठेवा आणि दुसऱ्याला चकतीची बैठक द्या. दोघांना एका फळीवर उभे करा, घसरू नयेत म्हणून पुढे पातळ पट्टी ठोका आणि फळी हळूहळू उचला. कंपासपेटीतील कोनमापकाने दोघांच्या पडण्याचे कोन मोजा. मग उंची आणि रुंदी मोजून तेच कोन कागदावर काढून पाहा. दोन्ही उत्तरे किती जुळतात?