हसवणाऱ्याची तालीम

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. पवनी तालुक्यातील अड्याळच्या परिसरात धान घरी येऊ लागलेले असते. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खेळतात आणि दुकानदाराच्या वहीतील जुनी येणी वसूल होऊ लागतात. दिवसा बाजार, रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत हा क्रम होळीपर्यंत चालतो.

खडी गंमत म्हणजे उभ्याने करावयाचा खेळ. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने शाहीर गातो, पुरुषच स्त्रीवेश घेतो आणि ठरलेल्या कथानकावर संवाद जागच्या जागी रचले जातात. झाडीपट्टीचे नाटक त्याहून निराळे. त्याला लिखित संहिता असते, गाणी व जिवंत वाद्यवृंद असतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. गावातील मंडळ वडसा येथील एखाद्या कंपनीला बोलावते, तिकिटे विकते. रात्रभर प्रेक्षकांना जागे ठेवण्याची जबाबदारी मात्र मुख्यतः एकाच माणसावर असते, आणि तो म्हणजे विनोदी नट.

बँकेच्या कामानिमित्त माझे अड्याळला जाणे-येणे असताना अशा एका नटाशी परिचय झाला. तो मूळचा शेतकरी. हंगामात रात्री नाटकात उभा राहणारा. त्या वर्षी त्याच्या वाट्याला कंजूष सावकाराची भूमिका आली होती. तो तयारी कशी करतो, हे मला जवळून पाहता आले.

प्रथम त्याने गाणे पक्के केले. भूमिकेत त्याला बेसूर गायचे होते. पण ज्याला सूर सापडला आहे त्यालाच तो नेमक्या जागी सोडता येतो, असे तो म्हणे. नंतर ढोलकीवाल्याबरबर बसून त्याने ठेच लागण्याची, पैशांची थैली निसटण्याची मात्रा ठरवली. थाप अर्धा क्षण उशिरा पडली तर हशा जातो. हशा आल्यावर पुढचे वाक्य किती वेळ रोखून धरायचे, याचीही तालीम होती.

मग भाषा. नायक प्रमाण मराठीत बोलला तरी विनोदी पात्राच्या तोंडी झाडीबोलीच शोभते. या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. काळा म्हणजे ‘कारा’, पाणी म्हणजे ‘पानी’. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीला ग्रंथांतून प्रतिष्ठा मिळवून दिली. रंगमंचावर ती टिकवली ती अशा नटांनी.

खरी अडचण पुढेच होती. सावकार रंगवण्यासाठी त्याच्या डोळ्यांसमोर गावातीलच एक वयस्कर दुकानदार होते. ते एका पायाने किंचित लंगडत. तालमीत नटाने तशी चाल करून दाखवली तेव्हा सारे पोट धरून हसले. परंतु त्याच दुकानातून त्याच्या घरी वर्षभर उधारीवर किराणा येत असे, आणि प्रयोगाच्या रात्री ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसणार होते.

दोन दिवस विचार करून त्याने ती चाल टाकून दिली. दुकानात उभे राहून त्याने दुसरीच गोष्ट हेरली होती. नोटा तीनदा मोजायच्या, चौथ्यांदा मोजायला गिऱ्हाइकाकडे द्यायच्या आणि त्याच्या मोजण्यावरही विश्वास ठेवायचा नाही! ही लकब त्याने गाण्याच्या तालावर बसवली. प्रयोगात सर्वांत मोठ्याने हसले ते दुकानदारच. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर नोटा मोजताना ते मध्येच थांबले आणि पुन्हा हसले.

झाडीपट्टीतील विनोदी नटाचे मोल देशानेही जाणले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सुमारे ८०० भूमिका आणि ५ हजारांहून अधिक प्रयोग ही त्यांची कमाई. एवढ्या वेळा त्याच गावांत, त्याच माणसांसमोर उभे राहायचे तर कोणाचे मन दुखवून चालत नाही. व्यापारातही गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढले, तरच कालचा सौदा चांगला झाला असे आपण मानतो.

आपल्या घरांतील समारंभांतही मुले नकला करतात आणि आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. नक्कल कोणाच्या व्यंगाची आहे की वृत्तीची, एवढे त्यांना वेळीच विचारावे. अड्याळच्या त्या नटाने हा प्रश्न स्वतःलाच विचारला होता, आणि त्यासाठी हमखास मिळणारा एक हशा सोडून दिला होता.