वारंवार जाणारी वीज आणि मनाचा तोल

वीज ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. विहिरीवरचा पंप, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा, घरगुती व्यवसाय आणि परदेशी असलेल्या आप्तांशी होणारे संभाषण हे सारे तिच्यावर अवलंबून आहे. वीज खंडित झाल्याने होणाऱ्या आर्थिक हानीची चर्चा आपण नेहमी ऐकतो. परंतु दिवसातून चार-चार वेळा ‘लाईट गेली’ असे म्हणावे लागणाऱ्या माणसाच्या मनाचे काय होते, याचा विचार फारसा होत नाही. घराघरांतील शांतीशी या प्रश्नाचा निकटचा संबंध असल्याने त्याकडे आपण थोडे बारकाईने पाहू या.

वेळापत्रक होते तेव्हा

सन २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने तीव्र भारनियमन अनुभवले. विजेची मागणी आणि उपलब्धता यांत मोठी तफावत होती आणि अनेक ग्रामीण भागांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. ते दिवस कष्टाचे होते, यात शंका नाही. तरीही त्या काळाविषयी बोलताना अनेक वडीलधारी माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात : वीज केव्हा जाणार, हे ठाऊक असे. गृहिणी त्याआधी पाणी भरून ठेवीत, दळण उरकून घेत. विद्यार्थी अभ्यासाच्या वेळा बदलून घेत.

आज परिस्थिती निराळी आहे. वादळात तारांवर पडणारी झाडे, उन्हाळ्यात भार न पेलणारी डीपी, जुन्या केबलमधील बिघाड ही वीज जाण्याची नित्याची कारणे झाली आहेत. वीज कदाचित दहाच मिनिटे जाईल, कदाचित रात्रभर येणार नाही. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई-विरार परिसर जलमय झाला, तेव्हा अनेक भागांत दीर्घकाळ वीज नव्हती. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. अशा वेळी अंधारापेक्षाही ‘केव्हा येणार?’ या प्रश्नाला उत्तर नसणे अधिक छळते.

अनिश्चिततेचा भार

मानसशास्त्राने या अनुभवाला पुष्टी दिली आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन संशोधकांनी शहरी जीवनातील ताणाविषयी केलेले प्रयोग १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांनी काही लोकांना ठरावीक अंतराने, तर काहींना अनियमितपणे मोठा गोंगाट ऐकवला. त्यानंतर त्यांना अवघड कोडी सोडवावयास दिली. ज्यांना गोंगाट केव्हा होणार याचा अंदाज नव्हता, त्यांनी लवकर हात टेकले. दुसऱ्या एका प्रयोगात काहींना गोंगाट बंद करण्यासाठी एक बटण देऊन, शक्यतो ते न दाबण्याची विनंती करण्यात आली. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही केवळ ‘आपल्या हाती काहीतरी आहे’ या जाणिवेने त्यांची चिकाटी टिकून राहिली.

वारंवार वीज जाण्यालाही हेच तत्त्व लागू पडते. खंड किती तासांचा, यासोबतच तो अनपेक्षित आहे का आणि आपण सर्वस्वी हतबल आहोत का, यावर मनाचा थकवा अवलंबून असतो.

त्यात शरीराचीही भर पडते. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान किंचित उतरावे लागते. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि पंखा बंद पडला की ही क्रिया मंदावते. दोन-तीन रात्री झोपमोड झाली की चिडचिड वाढते, लहानसहान गोष्टी असह्य वाटतात. हा स्वभावदोष नाही. शिणलेल्या शरीराची ती हाक आहे.

राग कोणावर निघतो?

ज्याच्यावर राग आहे तो समोर नसला, की तो जवळच्या माणसावर निघतो. विजेची तार ऐकत नाही. ऐकते ती पत्नी, ऐकते ते लेकरू. परीक्षेच्या तोंडावर मूल रडवेले होते आणि वडील त्याच्यावरच ओरडतात. भर पावसात खांबावर चढलेल्या वायरमनला शिवीगाळ होते. उपकेंद्रात पाणी शिरले असता पुरवठा बंद ठेवणे जीवितरक्षणासाठी आवश्यक असते आणि तो बंद ठेवणारा कर्मचारी आपला वैरी नसतो. अशा प्रसंगी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘मी ज्याच्यावर रागावलो आहे, त्याच्या हाती ही गोष्ट आहे का?’ एवढा क्षणभराचा विराम पुष्कळ कटुता टाळू शकतो.

आपल्या हाती काय आहे?

वीज केव्हा येईल हे आपण ठरवू शकत नाही. पण ती गेल्यावर घरात काय घडेल, हे मात्र ठरवू शकतो. बॅटरी नेहमी एकाच जागी ठेवावी. कोणी दिवा लावायचा, कोणी पंपाचे बटण बंद करायचे, आजी-आजोबांजवळ कोणी बसायचे, हे आधीच ठरवून द्यावे. लहान मुलांनाही एखादे काम द्यावे. हाती काम असलेले मूल कमी घाबरते. अंधारासाठी काही गोष्टी राखून ठेवाव्यात : गोष्टी सांगणे, गाणी म्हणणे, ओटीवर बसून शेजाऱ्यांशी बोलणे. अनेक घरांत अशा वेळी रोझरीची माळ हाती घेतली जाते आणि त्या संथ लयीने मन निवते. मोबाईलवर क्षणाक्षणाला चौकशी करीत राहिल्याने मात्र बॅटरी आणि मनःशांती दोन्ही संपतात.

सहनशीलता म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. केंद्र शासनाच्या विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० नुसार पूर्वनियोजित खंडाची सूचना ग्राहकांना देणे, तसेच अचानक बिघाड झाल्यास पुरवठा केव्हा सुरू होईल याचा अंदाज कळविणे हे वीज वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. ‘केव्हा येणार?’ हा प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. खंड वारंवार होत असतील तर तारीख आणि वेळ यांची नोंद ठेवून वाडीतील सर्वांनी मिळून लेखी निवेदन द्यावे. एकट्याच्या संतापापेक्षा दहा घरांच्या सह्यांना अधिक वजन असते. शिवाय, काहीतरी केल्याचे समाधान मनाला उभारी देते.

शेजारच्या घरातील अंधार

सर्वांचा अंधार सारखा नसतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात जी गैरसोय असते, ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णासाठी प्राणसंकट ठरते. मुले परदेशी असलेल्या वृद्ध दांपत्यासाठी ती एक भयाण रात्र असते. प्रत्येक गल्लीत अशी घरे कोणती, हे शेजाऱ्यांना ठाऊक असावे आणि वीज गेल्यावर पंधरा मिनिटांत कोणीतरी त्या दारावर थाप द्यावी, अशी व्यवस्था आपण करू शकतो. त्याला ना निधी लागतो, ना परवानगी.

वीज आल्यावरही कोणाची अस्वस्थता ओसरत नसेल, झोप येत नसेल, उदासी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते.

तारा दुरुस्त करणे वीज कंपनीचे काम आहे. माणसामाणसांतील धागा अंधारात तुटू न देणे हे मात्र आपल्या प्रत्येकाचे काम आहे. पावसाळ्यापूर्वी आपण कौले शाकारतो, गटारे साफ करतो. त्याचबरोबर आपल्या गल्लीतील एकाकी घरांची यादीही तयार करू या.