साभार परत



या पानावर मी नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. गेल्या महिन्यात एक वयस्कर सभासद खोडव्याची नोंद द्यायला गट ऑफिसात आले. नोंद झाली तरी उठेनात. शेवटी खिशातून दोन कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"साहेब, नात कविता करती. मासिकाला धाडली तर नको म्हणून उत्तर आलं. पोरगी दोन दिस नीट जेवली न्हाई. आता ह्या दुसऱ्यांनी स्पर्धेत निवड झाली म्हणून कळवलंय, पण पाचशे रुपये भरा म्हणत्यात. भरू का?"

मी म्हटलं, "आबा, पैसे भरू नका. आणि ते नको म्हणणारं पत्र जपून ठेवा." आबांना ते उलटंच वाटलं. म्हणून हा लेख.

मी मूळचा उरण-पनवेल भागातल्या करंज्याचा. समोर धरमतरची खाडी, पलीकडे रेवस, मागे द्रोणागिरीचा डोंगर. वडील मासेमारीला जात. नोकरीमुळे मी उसाच्या मुलखात आलो, पण त्याआधी चारपाच वर्षे कविता लिहून मासिकांना पाठवत होतो. तेव्हा कवितेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. पोस्टमनच्या हातात आपल्याच अक्षरातलं पाकीट दिसलं की न फोडताच कळायचं. आत छापील चिठ्ठी असे : साभार परत.

अशा तीन चिठ्ठ्या आल्या. चौथ्या पाकिटात मात्र संपादकांनी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. मतलब असा, की कोकिळा आणि आंब्याचा मोहोर पुष्कळांनी लिहिला. तुमचा पत्ता बंदरावरचा आहे, मग कवितेत बंदर कुठे आहे? मला राग आला. आठ दिवसांनी पटलं. वाळत घातलेले बोंबील, पहाटे होड्या निघताना आईचं धक्क्यावर थांबणं, हे मी रोज पाहत होतो आणि लिहीत होतो पुस्तकातला वसंत! नवी कविता तीनदा फिरवून लिहिली, तेव्हा ती एका लहान मासिकात छापून आली. मानधन नाही, फक्त एक अंक. आईला वाचता येत नव्हतं, पण तो अंक तिने देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

त्याच सुमारास एका स्पर्धेलाही मी पैसे भरून कविता दिली होती. मोठं प्रमाणपत्र मिळालं. समारंभाला गेलो तर सभागृहातल्या सगळ्यांच्याच हातात तसलं प्रमाणपत्र. कविता ज्या संग्रहात छापली त्याच्या दोन प्रती विकत घ्याव्या लागल्या, आणि त्यात माझं शेवटचं कडवंच गळालं होतं. म्हणजे कविता कुणी वाचलीच नव्हती. एकाने दोन ओळींत नको म्हटलं पण वाचून म्हटलं. दुसऱ्याने न वाचता हार घातला.

आपल्या भाषेत कवितेला अशी वाचणारी माणसं पूर्वीपासून लाभली आहेत. जळगावहून 1887 साली नानासाहेब फडणीसांनी 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेलं मासिक सुरू केलं. त्याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांची कविता ऐकून डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं आणि पुढे महाराष्ट्राने तेच नाव लक्षात ठेवलं. केशवसुत 1905 साली गेले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. त्यांच्या कविता मासिकांतूनच लोकांपर्यंत गेल्या. शेतकरी बहिणाबाईंना तर लिहिता येत नव्हतं. चिरंजीव सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, म्हणून 1952 साली पुस्तक झालं. पण त्याआधी, 1951 साली, बहिणाबाई गेल्या होत्या.

संपादक नेहमी बरोबरच असतो असंही नाही. 'सत्यकथा' हे मोठ्या मानाचं मासिक, 1982 साली ते बंद पडलं. पण त्याची चौकट आपल्याला मानवत नाही म्हणून तरुण लेखकांनी 1969 साली त्याचा अंक जाळला. नुसतं जाळून ते थांबले नाहीत; त्या पिढीने स्वतःची लहान अनियतकालिकं काढली. पळसखेड्याचे ना. धों. महानोर रानात राबून लिहीत राहिले आणि 1967 साली 'रानातल्या कविता' आल्या. तेव्हा एका दारातून नकार आला तर दुसरं दार ठोठवावं.

सभासदांना माझं सांगणं एवढंच. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब कमी निघाला म्हणून कोणी प्रयोगशाळेवर रुसत नाही, शेणखत टाकतो. संपादकाचा अभिप्राय तसाच धरावा. घरात कोणी लिहीत असेल तर कवितेची प्रत जवळ ठेवावी. ज्या मासिकाला पाठवायची त्याचे दोन अंक आधी वाचावेत. दिवाळी अंकासाठी दिवाळी तोंडावर येईपर्यंत थांबू नये. एकच कविता एका वेळी चार ठिकाणी धाडू नये. काही चांगल्या स्पर्धाही थोडं शुल्क घेतात, तेव्हा परीक्षक कोण आहेत ते विचारावं. पण निवड झाल्यावर पैसे मागतात तिथे कविता देऊ नये.

आबांच्या नातीला आलेलं पत्र मी नंतर नीट वाचलं. नकाराच्या खाली एक ओळ होती : पाणी धरायला रात्री जाणाऱ्या आजोबांचं कडवं चांगलं आहे, तेवढंच धरून पुन्हा लिहा. पोरीने पहिलं वाक्य वाचून कागद मिटला होता. मी ती ओळ आबांना वाचून दाखवली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे माझ्यावर लिवलंय व्हय?"

दोन्ही कागद त्यांनी उचलले. पाचशेचा तिथेच फाडला, दुसरा घडी करून वरच्या खिशात ठेवला.

आपला,
ऊस विकास अधिकारी