गाणं ओळखू येत नाही, पण खिडकी थरथरते! डीजेचा ‘बेस’ नेमका येतो कुठून? समजून घ्या

भिवंडीजवळच्या राहनाळसारख्या गावात हळदीची रात्र असो की गणपतीची मिरवणूक, अनुभव सारखाच. डीजे दोन गल्ल्या पलीकडे असतो, गाणं कोणतं ते कळत नाही. पण खिडकीच्या काचा थरथरतात आणि छातीत धडधडतं. असं का होतं?

बेस म्हणजे काय?
माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झचा आवाज ऐकू येतो. यातला तळाचा, साधारण 20 ते 100 हर्ट्झचा भाग सबवूफर वाजवतो. 50 हर्ट्झच्या एका लहरीची लांबी जवळपास 7 मीटर असते. एवढी लांब लहर घराच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते. भिंतीही उंच स्वर जितके अडवतात तितका बेस अडवत नाहीत. म्हणून शब्द वाटेत विरतात आणि घरात पोहोचते ती फक्त धडधड.

स्पीकर एवढे मोठे का?
स्वर एक सप्तक खाली गेला, की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनला चौपट अंतर मागे-पुढे हलावं लागतं. त्यापेक्षा कोनच मोठा घेणं सोयीचं. 12 इंचीच्या तुलनेत 18 इंची कोनचं क्षेत्रफळ सव्वादोनपट असतं.

खोक्याचं काम काय?
कोन पुढची हवा दाबतो, तेव्हा मागची हवा विरळ होते. खोका नसेल तर या दोन लहरी एकमेकींना खोडतात आणि बेस गायब होतो. बंद खोक्याचा बेस आटोपशीर असतो. भोक असलेला खोका रिकाम्या बाटलीवर फुंकर मारल्यासारखा ठरावीक स्वराला घुमतो आणि तिथे जास्त आवाज देतो. मात्र त्या स्वराच्या खाली कोनवरचा हवेचा लगाम सुटतो आणि स्पीकर खराब होऊ शकतो.

वॅट दुप्पट, आवाज दुप्पट?
नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. पण तेवढ्याच ताकदीचा दुसरा सबवूफर शेजारी खेटून ठेवला, की 6 डेसिबलपर्यंत वाढ मिळते. ट्रकवर खोक्यांची भिंत दिसते ती यामुळेच.

मग मीटरमध्ये का दिसत नाही?
2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण हे मोजमाप ‘ए’ मापनपद्धतीने होतं. कानाला खोल स्वर कमी ऐकू येतात, म्हणून या पद्धतीत 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. म्हणजे 90 डेसिबलचा बेस मीटरवर 60 च दिसतो. काचा मात्र पूर्ण 90 चा मार खातात.

उपाय आहे का?
आहे. काही सबवूफर उलट दिशेला तोंड करून, ठरावीक विलंबाने आणि उलट फेजमध्ये वाजवले, की मागच्या बाजूचा बेस बराच खोडला जातो. मोठ्या मैफलींत ही मांडणी वापरतात. ते जमत नसेल, तर निदान खोके भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवू नका. तिथे बेस आणखी वाढतो. आणि मिक्सरवर बेसचं बटण थोडं खाली आणलं तरी नाच थांबत नाही, शेजारच्या घरातलं तान्हं बाळ मात्र झोपू शकतं.