हार्ड डिस्क घेताना आधी यादी करा!

घरातला कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं घेऊ लागला, की मुलं लगेच म्हणतात, ‘आई, आता नवीनच घेऊ या.’ पण मैत्रिणींनो, पुष्कळदा सगळा कॉम्प्युटर थकलेला नसतो, थकलेली असते ती आतली हार्ड डिस्क. तेवढीच बदलली तरी जुना गडी पुन्हा तरतरीत होतो. मग ती घ्यायची कशी? ‘त्यातलं मला काय कळतंय!’ म्हणून आपण विषय नवऱ्यावर नाहीतर मुलावर सोडून देतो. खरं तर त्या डिस्कवर काय काय आहे, हे घरात सगळ्यांत जास्त आपल्यालाच ठाऊक असतं.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या घरची डिस्क अशीच एका सकाळी बंद पडली. त्याआधी दोन आठवडे ती ‘टक्‌ टक्‌’ करत होती, पण कुणी मनावर घेतलं नाही. गटाचा हिशेब वाचला, कारण दर महिन्याला कागदावर प्रिंट काढून फायलीला लावायची तिची शिस्त होती. गेल्या त्या सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. सासूबाई आता नाहीत आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. मुलगा म्हणाला, ‘दोन टीबीची नवी आणू.’ ती म्हणाली, ‘मोठी आणशील रे, पण त्यात घालायचं काय?’

म्हणून दुकानात जाण्याआधी एक यादी करा. पुन्हा मिळणार नाही असं काय आहे? लग्नाचे, बारशाचे फोटो, आवाज, हिशेब, स्कॅन केलेले दाखले. आणि पुन्हा मिळेल असं काय? सिनेमे, गाणी, गेम. या यादीवरून किती जागा हवी हे कळतं. मोबाइलचा एक फोटो ५ एमबीचा धरला, तर १ टीबीत सुमारे २ लाख फोटो मावतात. घरी आणल्यावर कॉम्प्युटर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दाखवेल, तेव्हा दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक.

आता प्रकार पाहू. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. त्यांच्यावर केसापेक्षाही कमी अंतर ठेवून वाचणारी सुई तरंगत असते. म्हणून चालू असताना धक्का लागला की घात! दुसरा प्रकार एसएसडी. त्यात फिरणारं काहीच नसतं, फक्त चिप्स. त्यामुळे ती कितीतरी वेगवान आणि आवाज न करणारी. पण तेवढ्याच जागेला पैसे जास्त पडतात.

माझ्या मते घरासाठी सरळ हिशेब असा: कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या विंडोजसाठी आणि रोजच्या कामासाठी २५० किंवा ५०० जीबीची एसएसडी, आणि साठवणीसाठी स्वस्तातली मोठी हार्ड डिस्क. स्वयंपाकघरात नाही का, रोजचे डबे ओट्याजवळ आणि वर्षाचं धान्य कोठीत!

दुकानात चार प्रश्न जरूर विचारा. पहिला, आमच्या मशीनला कोणती बसेल? जुन्या कॉम्प्युटरला साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी बहुधा चालते. नव्यांत च्युइंगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू असते, पण तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. म्हणून मॉडेल नंबर लिहून न्या. दुसरा, हार्ड डिस्क असेल तर सीएमआर की एसएमआर? एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसं सतत नवं लिहिताना ती मंदावते. नुसत्या साठवणीला चालेल. तिसरा, वॉरंटी किती वर्षांची? पक्कं बिल घ्या, खोका सीलबंद आहे ना ते पाहा. आणि चौथा, जुन्यावरचं सगळं नव्यावर उतरवून द्याल का, आणि त्याचे किती?

फार स्वस्तात ‘१६ टीबी’ मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. आकडा खोटा दाखवणाऱ्या डिस्क बाजारात आहेत. भरत गेलं की मागचं पुसलं जातं.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा. वॉरंटी डिस्कची असते, आतल्या फोटोंची नाही. नवी डिस्क मिळेल, ओव्या मिळणार नाहीत. एसएसडी तर कधीकधी काहीच सूचना न देता जाते. म्हणून जाणकार सांगतात ते ३-२-१ चं सूत्र पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बहिणीकडे ठेवा, नाहीतर इंटरनेटवरच्या साठवणीत. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची प्रत एसएसडीवर नको. वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरू शकते. आणि डिस्क ‘टक्‌ टक्‌’ करू लागली, तर ती वापरणं थांबवून जाणकाराला दाखवा.

जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. ‘डिलीट’ केलं म्हणजे पुसलं गेलं असं नसतं. तिच्यावर आधार, पॅन, बँकेची पासबुकं असतात. ती चालू असेल तर आधी पूर्ण पुसून घ्या, बंद पडली असेल तर मोडून ई-कचऱ्यात द्या.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळ्यावरचे डबे उतरवून काय टिकलंय, काय बिघडलंय ते बघतोच. यंदा त्यात ही डिस्कही धरा. प्रत उघडते का, फोटो दिसतात का, आवाज ऐकू येतो का, एकदा तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते कुणावर सोपवू नका.