मजुराचें घर आणि गांवची जबाबदारी

आयर्लंडचें नांव निघालें कीं आमच्या वाडवडिलांस पार्नेल आठवे, डी व्हॅलेरा आठवे. तेथील स्वातंत्र्याच्या झगड्याच्या हकीकती मराठी घरांतून आवडीनें वाचल्या जात. परंतु त्याच देशांत आणखी एक झगडा झाला, त्याची वार्ता आपल्याकडे फारशी पोंचली नाहीं. तो झगडा मजुराच्या घराचा. खेड्यांतील भूमिहीन माणसास घर देणें हें काम कोणाचें? त्याचें स्वतःचें, मालकाचें, कीं लोकनियुक्त स्थानिक मंडळाचें? या प्रश्नाचा तेथें काय निकाल लागला, तें आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८४१ च्या आयरिश खानेसुमारींत घरांचे चार वर्ग पाडले होते. चौथा वर्ग म्हणजे एका खोलीची मातीची झोपडी. देशांतील एक तृतीयांशाहून अधिक घरें या वर्गांत मोडत. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळांत मुख्यतः या झोपड्यांतील माणसेंच मेलीं किंवा परागंदा झालीं. जीं उरलीं, त्यांपैकीं पुष्कळांचें छप्पर शेतमालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. काम गेलें कीं घर गेलें. गृहांत राहतो तो गृहस्थ, असें आम्ही मुलांस शिकवीत आलों. मग अशा माणसाचा आश्रम कोणता म्हणावा?

१८८३ सालीं पार्लमेंटनें आयर्लंडच्या मजुरांसाठीं कायदा केला. गरिबांच्या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक पालक-मंडळांनीं कर्ज काढून घरें बांधावींत, जरूर तर जमीन सक्तीनें विकत घ्यावी, आणि प्रत्येक घरास अर्धा एकर जमीन जोडून माफक भाड्यानें तें मजुरास द्यावें, अशी त्यांत तरतूद होती. १८९२ मध्यें ही मर्यादा एक एकरापर्यंत वाढली. जमिनीच्या या तुकड्यांत सर्व मर्म आहे. तेथें बटाटे व कोबी पिकवितां येई, कोंबड्या पाळतां येत. काम नसलेल्या दिवसांतही चूल पेटे, आणि मालकाशीं बोलतांना मजुराची मान थोडी ताठ राही.

कायदा झाला, पण अंमलबजावणी? मंडळांत भरणा जमीनदारांचा व सधन शेतकऱ्यांचा. घरांसाठीं कर देणारा तोच, मजूर राबविणारा तोच, आणि ज्याच्या शेतांतून अर्धा एकर काढावयाचा तोही तोच! शिवाय घरांची मागणी पुढें येण्यास आरंभीं बारा करदात्यांच्या सह्या लागत. मजुराची स्वतःची सही पुरत नसे. चौकशा आणि हरकती यांतच वर्षें जात. १८९८ च्या कायद्यानें हें काम निवडून आलेल्या ग्रामीण मंडळांकडे आलें व पुष्कळ मजुरांस मताचा अधिकार मिळाला, तेव्हां गाडा हलूं लागला. कॉर्क भागांतील डी. डी. शीहन या पुढाऱ्यानें मजुरांची संघटना उभारून हा प्रश्न पार्लमेंटांत लावून धरला. १९०६ च्या कायद्यानें स्वस्त कर्ज मिळालें आणि परतफेडीचा कांहीं भार सरकारी तिजोरीनें उचलला. परिणाम असा कीं, १९१४ पर्यंत आयर्लंडच्या खेड्यांतून ४०,००० हून अधिक घरें उभीं राहिलीं. त्या वेळीं संपन्न इंग्लंडच्या खेड्यांतून असें काम फारच थोडें झालें होतें.

स्वातंत्र्यानंतर, १९२५ सालीं, ग्रामीण मंडळें रद्द होऊन हा भार काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांवर आला. १९३६ च्या कायद्यानें हीं घरें राहणाऱ्या कुटुंबांसच हप्त्यानें विकण्याच्या योजना आल्या, आणि पुढें त्यांपैकीं बहुतेक विकलीं गेलीं. मजूर घरमालक झाला, ही गोष्ट आनंदाचीच. परंतु विकलेलें घर दुसऱ्या गरजवंतास देतां येत नाहीं. नवें बांधणें चालू असेतों ही उणीव झांकून राहिली. २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर कौन्सिलांचें बांधकाम जवळजवळ थांबलें, तेव्हां ती उघडी पडली.

लायट्रिम काउंटीचें उदाहरण घ्या. २०२२ च्या खानेसुमारीप्रमाणें तिची वस्ती सुमारें ३५,०००. खाजगी विकासकांच्या मोठ्या वसाहतींतील कांहीं हिस्सा सामाजिक घरांसाठीं घेण्याचा नियम २००० च्या कायद्यानें केला. पण जेथें मोठ्या वसाहतीच होत नाहींत, तेथें हिस्सा कशाचा? लहान खेड्यांत सांडपाण्याची सोय अपुरी, चार-सहा घरांच्या कामाला कंत्राटदार मिळेना. उलट, १९९८ पासूनच्या करसवलतींमुळें याच भागांत नको तेथें घरें बांधलीं गेलीं, तीं ओस पडलीं. २०१६ सालीं, सुटीचीं घरें धरून, रिकाम्या घरांचें सर्वांत मोठें प्रमाण लायट्रिममध्येंच होतें. एकीकडे कुलुपें, दुसरीकडे प्रतीक्षायादी! २०२२ पासून पडीक घरें दुरुस्त करण्यास कौन्सिलांमार्फत अनुदान मिळूं लागलें, हें योग्यच झालें. पण तें प्रथम घर मिळविण्याची ऐपत असलेल्याच्याच उपयोगी.

आम्ही शाळेंत असतां हजेरीपटांत एका शेतमजुराच्या मुलाचें राहण्याचें ठिकाण दर जूनमध्यें खोडून नवें लिहावें लागे. आज अमक्याचा मळा, पुढच्या वर्षीं तमक्याची वस्ती. चौथ्या वर्षीं तें नांवच पटावरून गेलें. मुलगा मंद नव्हता. हा प्रसंग आम्हांस अजून बोंचतो. आपल्याकडे २०१६ पासूनच्या घरकुल योजनेनें सपाट प्रदेशांत घर बांधण्यास १,२०,००० रुपये ठरविले. ज्यास जागाच नाहीं, त्यास ती विकत घेण्यास राज्यसरकारची निराळी मदतही आहे. तरी पैसा हातीं येऊनही गांवांत जागा कोण देणार, हा प्रश्न उरतोच. आयर्लंडच्या त्या जुन्या कायद्यानें आरंभच जमिनीपासून केला, आणि ती मिळवून देण्याचें ओझें मजुरावर न टाकतां मंडळावर टाकलें. त्यांत त्याचें यश होतें. घरें एकदां वाटलीं म्हणजे कर्तव्य संपलें असें पुढें मानलें गेलें, त्यांत त्याचें अपयश.

आपल्या गांवच्या ग्रामसभेंत घरकुलांची यादी वाचली जाते, तेव्हां आपल्यापैकीं किती सुशिक्षित तेथें हजर असतात? ज्याचें नांव यादींत नाहीं, त्याच्यासाठीं बोलणारा एक तरी माणूस तेथें असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.