घोड्याच्या घोंगडीला पैकीच्या पैकी!

बिअरच्या स्पर्धेत परीक्षक पेला नाकाशी नेतो, डोळे मिटतो आणि खूश होऊन लिहितो : 'घोड्याच्या पाठीवरची घोंगडी'. ही तक्रार नव्हे, ब्रुसेल्सच्या आंबट लॅम्बिक बिअरची ही तारीफ आहे! दमट तबेला, वाळलेलं गवत, जुनं चामडं... साध्या लागर बिअरला यातला एक जरी वास आला तरी अख्खं पिंप मोरीत ओतावं लागेल. इथे त्याचे गुण मिळतात.

करामत ब्रेटॅनोमायसिस नावाच्या रानटी यीस्टची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमधल्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याचं बारसं केलं. नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी', कारण ते सापडलं इंग्लिश बिअरमध्ये. तबेल्याची कीर्ती मात्र बेल्जियमने लाटली.

लॅम्बिकला विरजण लावतच नाहीत. गहू आणि बार्लीचा उकळता काढा उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवायचा. हवेतून, लाकडातून जे कोणी येतील ते पाहुणे. आपलं इडलीचं पीठ नाही का कोणी न सांगता फुगत, किंवा माडावरून उतरवलेल्या नीरेची उन्हं चढेपर्यंत माडी होत? फक्त इडली सकाळी तयार असते, लॅम्बिक एक ते तीन वर्षं लाकडी पिंपात मुरते. रात्री गार हव्यात, म्हणून हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच. २०१५च्या नोव्हेंबरात थंडीच पडेना, तेव्हा १९०० साली सुरू झालेल्या 'कांतियों' ब्रुअरीला काम थांबवावं लागलं होतं. याच ब्रुअरीत कोळिष्टकं झाडत नाहीत! बिअरमध्ये मुरायला घातलेल्या फळांवर चिलटं येतात आणि त्यांचा बंदोबस्त कोळी करतात. (दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी घरी हे कारण सांगून पाहा.)

मुरता मुरता बिअर चक्क आजारीही पडते. पेडिओकॉकस नावाचे जिवाणू तिला बुळबुळीत करून टाकतात. भेंडी चिरताना सुटते तशी तार सुटते. यावर औषध? काही नाही, वाट पाहणं. ब्रेटॅनोमायसिस तो चिकटा सावकाश खाऊन संपवतं आणि बिअर पुन्हा पाण्यासारखी वाहू लागते.

आता गुणपत्रिका. अमेरिकेत रुजलेल्या, बिअर परीक्षकांच्या 'बीजेसीपी' पद्धतीत एकूण गुण ५०. त्यातले चवीला २०, वासाला १२, एकूण छाप कशी पडली त्याला १०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि दिसण्याला अवघे ३. म्हणजे रूपवतींनी फार आशा धरू नये. नुसती लॅम्बिक ओतली तर फेस जवळजवळ नसतोच, आणि त्याबद्दल गुण कापायचे नसतात. पण एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लॅम्बिकचं मिश्रण, म्हणजे ग्योझ, पुढ्यात आली तर तिने शॅम्पेनसारखं फसफसायलाच हवं.

खरी परीक्षा आंबटपणाची. ताकासारखा, लिंबासारखा असेल तर वा! घसा खरवडणारा, व्हिनेगरसारखा असेल तर गुण खाली. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर आणखी खाली. तबेला चालतो, पण ओकारीची आठवण झाली की संपलंच. माझ्या मते नाकाचा इतका बारीक हिशोब अत्तरवालेही ठेवत नसतील.

सगळ्यात खोडकर दोष मात्र नाकाला सापडतच नाही. तो म्हणजे उंदीर! उंदरांच्या पिंजऱ्याचा हा वास बिअर आंबट असते तोवर दबून राहतो. घोट गिळला, लाळेने आंबटपणा मारला, की दहा-वीस सेकंदांनी घशामागून उंदीर डोकं वर काढतो. म्हणून वाइन चाखणाऱ्यांची एक युक्ती आहे : हाताच्या पाठीवर थेंब चोळून हुंगायचा, कारण कातडीवरही आंबटपणा उतरतो. गंमत म्हणजे काही जणांना हा उंदीर मुळी कळतच नाही. त्यामुळे दोन परीक्षक, बाटली एकच; एक जण 'झकास' लिहून पेला रिकामा करतो आणि शेजारचा घाईघाईने पावाचा तुकडा तोंडात कोंबून पाणी मागतो.